डोंगरात सपाट धावायचंय? मग पाणी कुठून गेलंय ते बघा

डोंगर बघत धावायला सगळ्यांनाच आवडतं. डोंगर चढत धावणं फार थोड्यांना झेपतं. नुकताच धावायला लागलेला माणूस उत्साहात एखादी घाटवाट पकडतो, दहाव्या मिनिटाला धापा टाकायला लागतो, उतरताना मांड्यांचा भुगा करून घेतो आणि पुढचे तीन दिवस कठडा धरून जिना उतरतो. मग डोंगराचं नावच टाकतो आणि पुन्हा मैदानाच्या गोल गोल फेऱ्या सुरू.

डोंगराळ मुलखातही सपाट वाटा असतात, फक्त त्या पाण्याशेजारी असतात. नदी दरीच्या तळाशी असते, त्यामुळे तिच्या काठची वाट डोंगरांच्या मधून जाते पण डोंगरावर चढत नाही. कालव्याचं तर विचारूच नका. पाणी चढत नाही, म्हणून कालवा खणणाऱ्यालाही चढ घेता येत नाही. मोठ्या कालव्याला किलोमीटरमागे हातभर उतार म्हणजे पुष्कळ झाला. तुमच्यासाठी सपाट वाट कुणीतरी दोनशे-चारशे वर्षांपूर्वीच आखून ठेवली आहे. ती शोधायची कशी, तिच्यावर धावायचं कसं आणि पाण्याशेजारी असताना कशाला भ्यायचं, तेवढंच इथे सांगतो.

आधी ओळखा: हे पाणी कशासाठी वाहतंय?

वरवर बघता सगळे कालवे सारखे. धावणाऱ्याला मात्र तीन जाती वेगळ्या ओळखता आल्या पाहिजेत.

नौकांसाठी खणलेले जुने कालवे नवख्याला सगळ्यात भले. आगगाडी येण्याआधी युरोपात मालाच्या होड्या घोडे ओढायचे. घोडा काठाने चालायचा, त्याच्या मागे लांब दोर, दोराला होडी. घोड्यासाठी केलेली ती काठची वाट म्हणजे टो-पाथ. घोड्याला पुरेल इतकी रुंद आणि घोड्याला सोसेल इतक्याच चढाची. अशा वाटेवरच्या जुन्या दगडी पुलाखालून जाताना क्षणभर थांबून कमानीचा कोपरा बघा. भिजलेल्या, वाळूने माखलेल्या दोरांनी वर्षानुवर्षं घासून दगडात खाचा पाडल्यात. काहींत बोट सहज बसतं. बघून झालं की त्याच कमानीखाली पळू नका, चाला. वाट तिथे निम्मी होते, फरशी ओली असते आणि समोरून येणारा सायकलवाला कमानीपलीकडून दिसत नाही.

या कालव्यांवर चढ येतो तो फक्त लॉकपाशी. लॉक म्हणजे पाण्याची पायरी: दोन दरवाजांमधल्या हौदात पाणी भरायचं, होडी वर, सोडायचं, होडी खाली. दोन लॉकच्या मध्ये कालवा टेबलासारखा सपाट, लॉकशेजारी वाट एकदम दोन-तीन मीटर वर. नकाशात लॉकच्या खुणा मोजल्या की चढ किती ते कळलंच. स्कॉटलंडमधला कॅलेडोनियन कालवा घ्या. अभियंता थॉमस टेलफर्डच्या देखरेखीखाली बांधलेला हा कालवा १८२२ साली खुला झाला. फोर्ट विल्यमजवळच्या बानावी इथे त्याच्या आठ लॉकची एक सलग माळ आहे, नेपच्यून्स स्टेअरकेस. आठ लॉक मिळून चढ सुमारे २० मीटर. तो चालत चढा. वरून गेअरलोकीपर्यंत सुमारे १० किमी वाट सपाट आहे, आणि मागे वळलात की १,३४५ मीटरचा बेन नेव्हिस. ढग नसतील तर, आणि तिथे ते बहुतेकदा असतात.

दुसरी जात सिंचनाच्या पाटांची. डोंगराच्या अंगावरून, वळणं घेत, झऱ्याचं किंवा हिमनदीचं पाणी शेतापर्यंत नेणारे हे अरुंद पाट जगात ठिकठिकाणी आहेत. पोर्तुगालच्या मदेरा बेटावर त्यांना लेवाडा म्हणतात, स्वित्झर्लंडच्या वाले प्रांतात बिस, इटलीच्या दक्षिण टिरोलमध्ये वाल, हिमाचलच्या कांगडा खोऱ्यात कूल. पाण्याची पाळी सांभाळणारा पाटकरी सगळीकडे होताच. कांगड्यात तो कोहली, टिरोलमध्ये वालर. त्याची पायवाट पाटाला लागूनच असायची आणि आज आपण धावतो ती तीच. उतार अगदी मंद, पण रुंदी एका माणसापुरती, आणि बाहेरच्या बाजूला कधी द्राक्षमळा तर कधी निव्वळ हवा. म्हणजे सपाट असलं तरी सोपं असेलच असं नाही.

तिसरी जात वीजनिर्मितीच्या कालव्यांची. सरळ, काँक्रीटचे, खोल आणि वेगवान. यांच्या काठचा सर्व्हिस रोड पाहून धावण्याचा मोह होतो. ऋषिकेशच्या पशुलोक बंधाऱ्यापासून चिल्ला वीजगृहापर्यंत गंगेचं पाणी नेणारा १४ किमीचा कालवा असाच. एका बाजूला शिवालिकच्या टेकड्या, शेजारी राजाजी व्याघ्र प्रकल्पाचं जंगल, समोर निळंहिरवं पाणी. देखणा आहे, पण हत्तींच्या वावराचा इलाका आणि पडलात तर बाहेर येणं मुश्कील असं पाणी, म्हणून नवख्याला मी तो सुचवणार नाही. वीजकालव्याचा काठ धावण्यासाठी खुला आहे असं स्पष्ट लिहिलेलं असेल, कठडा असेल, तरच तिकडे वळा.

नकाशावर वाट हेरायची

कुठलाही उंचीच्या रेषा दाखवणारा नकाशा उघडा; मोबाईलवर फुकट मिळतात. या समोच्च रेषा नदीपाशी आल्या की इंग्रजी व्ही अक्षरासारख्या दुमडतात आणि व्हीचं टोक नेहमी नदीच्या उगमाकडे असतं. बाण कुठे छापलेला नसला तरी पाणी कुठून कुठे वाहतंय ते कळतं. कालवा मात्र समोच्च रेषेला समांतर जातो, तिला क्वचितच छेदतो. डोंगराच्या पोटावरून रेषेबरोबर वळणारी बारीक निळी रेघ दिसली की समजा, सापडला पाट.

आता उतार मोजा. नदीकाठची वाट लागोपाठच्या दोन समोच्च रेषा कुठे कुठे ओलांडते ते बघा आणि त्या दोन ठिकाणांमधलं अंतर काढा. रेषा २० मीटरच्या अंतराच्या असतील आणि दोन ओलांडण्यांमध्ये ४ किमी असतील, तर उतार अर्धा टक्का. हा पायांना कळतही नाही. एक टक्का जाताना जाणवत नाही पण घड्याळात दिसतो. दोन टक्के सलग तीन-चार किलोमीटर असतील तर नवखा माणूस ‘आज जमत नाहीये’ म्हणून स्वतःलाच दोष देतो. त्याच्यापुढे गेलं तर तो नदीकाठ राहत नाही, धबधब्याची पायवाट होते. पहिल्या महिन्यात एक टक्क्याच्या आतच रहा.

इथेच या सगळ्या प्रकारातली माझी सगळ्यात आवडती युक्ती येते. कालवा जिथून निघतो त्या बंधाऱ्यापाशी नदी आणि कालवा एकाच पातळीवर असतात. पुढे नदी दरीबरोबर खाली उतरत जाते आणि कालवा आपली उंची धरून ठेवतो. समजा नदीचा उतार किलोमीटरला १० मीटर आहे आणि पाटाचा १ मीटर. बंधाऱ्यापासून ५ किमी खाली आलात की नदी ५० मीटर उतरलेली असते, पाट फक्त ५. म्हणजे पाट नदीच्या ४५ मीटर वर, सुमारे पंधरा मजली इमारतीइतका. दोन्ही काठांना वाट असेल तर तुम्हाला एक नामी वळसा मिळाला.

तो कुठल्या दिशेने धावायचा यावर दोन मतं आहेत. बरेच जण नदीकाठाने वर जातात, बंधाऱ्यापाशी कालव्यावर येतात, दरी पायाखाली बघत सपाट परततात आणि शेवटी ४५ मीटर खडी उतरण उतरतात. मला ते पटत नाही. थकलेल्या पायांनी खडी उतरण म्हणजे घोटा मुरगळायला आमंत्रण. मी उलटा जातो: सुरुवातीलाच ते ४५ मीटर निवांत चालत चढायचे, शरीर तापतं, मग पाटावरून सपाट धावत बंधारा गाठायचा, आणि घरी येताना नदीबरोबर हलक्या उताराने यायचं. शेवटचे दोन किलोमीटर असे निघतात की आपण बरे धावपटू आहोत असा गैरसमज होतो. होऊ द्यावा.

पूल मोजायला विसरू नका. दोन्ही तीरांवर वाट असेल तर पुलापासून पुलापर्यंत वळसे करता येतात आणि दमलात तर मधूनच सुटता येतं. पण नकाशात पाणी ओलांडणारी प्रत्येक रेघ पूल नसते. मी एकदा अशाच रेघेच्या भरवशावर पलीकडच्या तीराने निघालो. रेघ निघाली पाण्याचा जाड पाइप, दोन्ही टोकांना काटेरी तार. आलो तसा चार किलोमीटर परत. तेव्हापासून उपग्रहाच्या छायाचित्रात पूल डोळ्यांनी बघितल्याशिवाय वळसा ठरवत नाही.

आणि तीराची नावं. उजवा तीर, डावा तीर हे नेहमी पाणी वाहतं त्या दिशेला तोंड करून ठरतात. धरणाचा डावा कालवा, उजवा कालवा म्हणतात तेही याच हिशोबाने. बचाव पथकाला फोन करायची वेळ आली तर ‘माझ्या डाव्या हाताला’ याचा काही उपयोग नसतो, ‘डावा तीर, अमुक पुलाच्या वर’ याचा असतो.

पहिले चार आठवडे

किलोमीटर ठरवू नका, मिनिटं ठरवा. काठची वाट जाऊन-येऊन असते आणि तिच्यात एक छुपा सापळा आहे. सपाट रस्ता, गार वारा, समोर शिखर. माणूस भारल्यासारखा पुढे पुढे जातो आणि मग लक्षात येतं की एवढंच अंतर परत यायचंय. मैदानावर दमलात तर बाजूला बसता येतं, इथे गाडी चार किलोमीटर मागे असते.

म्हणून पहिल्या आठवड्यात १५ मिनिटं जायचं, घड्याळ बघायचं आणि कुठेही असलात तरी वळायचं. समोर पुढचं वळण कितीही खुणावत असलं तरी. पाच मिनिटं चालून सुरुवात, मग एक मिनिट धावणं, दोन मिनिटं चालणं. वेग असा की शेजाऱ्याशी पूर्ण वाक्य बोलता यावं. आठवड्यातून तीनदा, मधे एकेक दिवस सुट्टी. दुसऱ्या आठवड्यात दोन मिनिटं धावणं, दोन चालणं. तिसऱ्यात तीन आणि एक. चौथ्या आठवड्यात बहुतेकांना सलग दहा-बारा मिनिटं जमतात. नाही जमली तर तिसरा आठवडा पुन्हा करा, काही बिघडत नाही.

मुक्कामाचं गाव उंचावर असेल तर आणखी सबुरी. साधारण दीड हजार मीटरच्या वर गेलं की सपाटीवरचा तुमचा नेहमीचा वेग तोच दम घेऊन मिळत नाही. पहिले दोन-तीन दिवस वेग पूर्ण विसरा. हवा किलोमीटरभर उंचीला साधारण साडेसहा अंशांनी गार होते, त्यामुळे ऊन जाणवत नाही. पण अतिनील किरण तेवढ्याच उंचीला दहा टक्क्यांच्या आसपास वाढतात. गार वाऱ्यात धावून नाक सोलवटून घेणारे लोक दर सुट्टीत दिसतात.

सपाट वाटेचा आणखी एक दोष आहे, तो महिनाभराने कळतो. प्रत्येक पाऊल हुबेहूब मागच्यासारखं पडतं आणि त्याच त्या स्नायूंवर भार येत राहतो. त्यात भरावावरची वाट बहुधा एका अंगाला कललेली असते. जाताना उजवा पाय खाली, डावा वर. असं रोज एकाच दिशेने धावलात तर गुडघ्याची बाहेरची बाजू कुरकुरायला लागते. जाऊन-येऊन धावलं की कल आपोआप पालटतो. गोल वळसा असेल तर दिवसाआड दिशा बदला. मधून एखाद्या पुलाचा चढ दोनदा धावून घ्या, पायांना वेगळं काही मिळतं.

कधी निघायचं, कुठल्या दिशेने

दरीतला वारा घड्याळ लावल्यासारखा वाहतो. रात्री डोंगरउतारांवरची हवा गार होऊन जड होते आणि दरीतून खाली सरकते. पहाटे वारा खालच्या दिशेने असतो. ऊन चढलं की उतार तापतात, हवा वर उठते आणि उशिरा सकाळपासून वारा उलटा, दरीच्या वरच्या अंगाला वाहायला लागतो. दुपारी तो सगळ्यात जोरात असतो. आभाळ स्वच्छ असलेल्या उन्हाळी दिवसांत हे इतकं नेमाने होतं की धावण्याचा बेत त्यावर आखता येतो.

नियम एकच: जाताना वारा तोंडावर, येताना पाठीवर. पहाटे निघणार असाल तर प्रवाहाच्या उलट, वरच्या दिशेने जा. येताना वाराही पाठीशी आणि उतारही. दुपारनंतर मात्र दोघांचं पटत नाही: खाली गेलात तर येताना वारा ढकलतो पण चढ लागतो. काठ खरोखर सपाट असेल तर वाऱ्याचं ऐका, उतार जाणवण्याइतका असेल तर उताराचं. किंवा सरळ पहाटे उठा.

पहाटेला आणखी एक कारण आहे. बर्फ किंवा हिमनदी वितळून येणाऱ्या नद्या दिवसभरात चढत जातात; उगमाजवळ त्यांचं पाणी सगळ्यात जास्त असतं ते दुपार कलल्यावर, संध्याकाळच्या सुमाराला. सकाळी कोरडी असलेली फरशी चार वाजता पाण्याखाली असू शकते. ऑस्ट्रियात इन नदी इन्सब्रुकमधून वाहते तेव्हा उन्हाळ्यात तिचा रंग दुधात राख कालवल्यासारखा असतो. हिमनदीने दळलेल्या खडकाचं ते पीठ. असा रंग दिसला की वर बर्फ वितळतंय हे ओळखावं.

उन्हासाठी तीर निवडता येतो. उत्तर गोलार्धात पूर्व-पश्चिम दरी असेल तर उत्तरेकडच्या तीराला ऊन मिळतं आणि दक्षिणेकडचा तीर डोंगराच्या सावलीत राहतो. थंडीत उत्तरेचा, उन्हाळ्यात दक्षिणेचा. आणि सूर्योदयाची वेळ फोनमध्ये बघून फसू नका: समोर कडा असेल तर सूर्य दरीत उतरायला आणखी तास-दीड तास लावतो. तेवढा वेळ लाकडी पुलावर दंव असतं, आणि थंडीत त्याचाच बर्फ होतो.

पायाखाली

डांबर किंवा मुरूम असेल तर साधे रस्त्यावरचे धावण्याचे बूट पुरतात. दाबून बसवलेला बारीक मुरूम मला सगळ्यात प्रिय. पाऊल ना आपटत, ना रुतत. नवे ट्रेल बूट घेण्याची घाई नको, चिखल आणि मुळं असलेल्या वाटेवर नियमित जायला लागाल तेव्हा बघू. ओली लाकडी फळी, शेवाळलेली फरशी आणि पडलेली ओली पानं, यांवर कुठलाच बूट टिकत नाही. तिथे पावलं लहान करायची, बस.

खोल घळीत घड्याळातल्या जीपीएसवर फार विसंबू नका. कड्यांवरून परतलेल्या संकेतांमुळे ते गोंधळतं आणि नंतर नकाशावर दाखवतं की तुम्ही अर्धा किलोमीटर नदीच्या मधोमध धावलात, तेही जागतिक विक्रमाच्या वेगाने. काठावर किलोमीटरचे दगड किंवा पाट्या असतील तर त्याच खऱ्या.

पाण्याला कशासाठी भ्यायचं

नदीपेक्षा कालवा सुरक्षित वाटतो, कारण तो शांत दिसतो. उलट आहे. नदीला उथळ काठ असतो, दगड असतात, धरायला मुळी असते. काँक्रीटच्या कालव्याचा उतरता काठ शेवाळाने साबणासारखा झालेला असतो आणि आवाज न करता वाहणारं पाणी धावणाऱ्यापेक्षा वेगात असू शकतं. पुढे कुठेतरी दरवाजा किंवा जाळी असते, जिथे पाणी खाली ओढलं जातं. पट्टीचा पोहणारादेखील तिथे हतबल होतो. म्हणून कालव्याच्या कडेपासून दोन हात लांब धावा, बुटाची नाडी काठावर बसून बांधू नका, आणि काठाला शिड्या किंवा साखळ्या असतील तर त्या किती अंतरावर आहेत ते जाता जाता टिपून ठेवा.

डोंगरातलं पाणी भर उन्हाळ्यातही १५ अंशांच्या खाली असतं. त्यात अचानक पडलं की पहिल्या मिनिटात श्वास ताब्यात राहत नाही; माणूस आपसूक मोठा श्वास घेतो आणि तोंडात पाणी जातं. त्या मिनिटात पोहायची धडपड करायची नाही. पाठीवर तरंगायचं, श्वास जागेवर येऊ द्यायचा, मग काठाकडे. दुसरं कुणी पडलं तर मागे उडी मारायची नाही. आधी आरडाओरडा, फोन, आणि हाताला लागेल ते फेकायचं: दोर, फांदी, रिकामी बंद बाटली. कुत्रा पडला तरी हेच. कुत्रा पुष्कळदा पुढे कुठेतरी स्वतःहून बाहेर येतो आणि त्याच्या मागे उतरलेला मालक पाण्यात राहतो.

वर धरण असेल तर पाऊस नसतानाही पाणी वाढतं. वीज हवी असते, दरवाजे उघडतात, विसर्ग वाढतो. भोंग्याची पाटी दिसली तर ती पूर्ण वाचा. भोंगा नसला तरी पाणी सांगतं: स्वच्छ पाणी गढूळ होतं, काटक्या आणि पानं तरंगत येतात, खळखळाटाचा सूर बदलतो. यातलं एकही दिसलं की फोटोसाठी उतरलेल्या वाळूच्या पट्ट्यावरून लगेच वर या. खरं तर नदीच्या मधल्या अशा पट्ट्यावर उतरूच नका.

कालव्याला पाणी सदैव असेलच असंही नाही. आवर्तन संपलं की तो कोरडा पडतो. हरिद्वारला गंगेतून निघणारा, १८५४ साली सुरू झालेला गंगा कालवा दरवर्षी दसरा ते दिवाळीच्या सुमारास दुरुस्तीसाठी बंद करतात. आदल्या आठवड्यात तुडुंब पाहिलेला कालवा तेव्हा गाळ आणि गोट्यांचा असतो. कोरडा दिसला म्हणून तळातून धावायची कल्पना सुचली तर ती मोडून काढा. पाणी कधी सोडतील ते तुम्हाला कुणी विचारून सोडणार नाही.

प्यायचं पाणी सोबतचं. अर्ध्या तासाला लागत नाही, तासाभराला अर्धा लिटर पुरतं. ओढा कितीही नितळ असला तरी वरच्या कुरणात गुरं आहेत हे लक्षात असू द्या.

वाटेतले इतर

काठची वाट क्वचितच फक्त धावणाऱ्यांची असते. सायकली येतात, म्हणून एका कानातला इअरफोन काढा, आणि वळण्याआधी मागे बघा. गळ टाकून बसलेले लोक मात्र खरी परीक्षा घेतात. लांबलचक काठी वाटेवर आडवी, सावलीत दिसत नाही, आणि माणूस पाण्याकडे टक लावून. दहा पावलं आधीच आवाज द्या आणि काठीवरून उडी न मारता थांबून वाट मागा. वसंतात हंस आणि बदकं काठावर घरटी करतात. पिल्लांसोबतचा हंस माणसाला वाट देत नाही, आपण त्याला द्यायची.

जंगली जनावरांच्या मुलखात पाण्याचा आवाज आपला शत्रू. तुम्ही येताय हे त्यांना ऐकू जात नाही, वळणावर एकदम समोरासमोर येता. कॅनडात बॅन्फ आणि कॅनमोरला बो नदीकाठच्या वाटा सपाट आणि अप्रतिम आहेत, पण एल्क नावाची मोठी हरणं वाटेवर येऊन उभी राहतात. तिथल्या राष्ट्रीय उद्यानांचा नियम एल्कपासून ३० मीटर आणि अस्वलापासून १०० मीटर अंतराचा आहे. वळणाआधी मोठ्याने बोला, टाळ्या वाजवा. एकटे असाल तर जरा विचित्र वाटेल, चालतं.

सुरुवात कुठून करावी

नवख्याला पहिल्यांदा शहरातूनच जाणारी नदी सुचवीन. कंटाळा आला तर सुटता येतं. फ्रान्समधलं ग्रेनोब्ल यासाठी नामी आहे. गावाभोवती शार्त्रूझ, वेर्कोर आणि बेलदोन अशा तीन पर्वतरांगा, आणि गाव मात्र जेमतेम २१० मीटर उंचीवर, अगदी सपाट. इझेर आणि द्राक या दोन नद्यांचे काठ हवे तितके लांब. इन्सब्रुकमध्ये इनचा काठ आणि डोक्यावर नॉर्डकेट्टेचे कडे. क्योतोमध्ये कामो नदीच्या दोन्ही तीरांना वाट आहे आणि पूर्वेला हिगाशियामाच्या टेकड्या. नदी दक्षिणेला वाहते. टेकड्यांच्या पायथ्याशी, चेरीच्या झाडांखालून जाणारा बिवा तलावाच्या कालव्याचा फाटा मात्र उत्तरेला. मुख्य कालवा १८९० साली पुरा झाला. नदीकाठाने उत्तरेला आणि फाट्याकाठाने दक्षिणेला परत असा वळसा करता येतो, फाट्यावरच्या ‘तत्त्वज्ञाच्या वाटे’चे दोन किलोमीटर पहाटेच करा, नंतर तिथे चालायलाही जागा नसते.

दुसऱ्या टप्प्यात टो-पाथ. वेल्समधला मॉनमथशर आणि ब्रेकन कालवा सुमारे ५६ किमीचा, त्यात डोंगराच्या कडेने वळत जाणारे लांबच लांब बिनलॉकचे पट्टे. ब्रेकनजवळ ब्रिनिच इथे तो दगडी जलसेतूवरून अस्क नदी ओलांडतो. पुलावरून पाणी आणि पुलाखालूनही पाणी, मधून आपण धावतोय हे जरा गमतीशीर आहे. अमेरिकेत युटा राज्यात वॉसाच पर्वताच्या पायथ्याशी २७ किमीचा मर्डॉक कॅनॉल ट्रेल आहे, सपाट आणि डांबरी. कालवा शोधत बसू नका, तो पाइपात घालून पुरला आणि त्याच्या डोक्यावर ही वाट केली.

पाटांची पाळी सगळ्यात शेवटी, आणि त्यातही आधी दक्षिण टिरोल. मेरानोजवळचा मार्लिंगचा वालवेग, म्हणजे वालाकाठची पायवाट, सुमारे १२ किमीचा, सफरचंदांच्या बागांमधून जातो. अशा पाटांवर पूर्वी पाण्यावर फिरणारं छोटं लाकडी चाक असायचं. चाक फिरलं की हातोडी घंटेवर पडायची. टण, टण, टण, रात्रंदिवस. पाटकरी ती घंटा ऐकत झोपायचा आणि थांबली की जागा व्हायचा, कारण थांबली याचा अर्थ वर कुठेतरी पाट फुटला किंवा तुंबला. काही वाटांवर अशी चाकं अजून फिरताना दिसतात.

मदेराच्या लेवाडा वर्षभर सराव झाल्याशिवाय नकोत. लांबी सगळी मिळून २,००० किलोमीटरच्या वर, सुरुवात पंधराव्या शतकातली, आणि फोटो पाहून कुणालाही तिकीट काढावंसं वाटेल. पण पुष्कळ ठिकाणी वाट म्हणजे पाटाची हातभर रुंद भिंत, बाहेरच्या अंगाला शंभरेक मीटर खोल दरी आणि समोरून पाठपिशव्यांची रांग. काल्डेराओ व्हेर्दीच्या वाटेवर बोगदेही लागतात: काळोख, डोक्याला टेकणारं छत, पायाखाली डबकी. दरड पडली की वाटा बंदही होतात, तेव्हा आदल्या दिवशी अधिकृत सूचना बघा. डोक्याला बांधायचा दिवा न्या, बोगद्यात चाला, आणि कुणी समोरून आलं तर तुम्ही थांबून डोंगराच्या बाजूला सरका. पाटात पाय घालून उभं राहावं लागलं तर राहा. बूट भिजतील एवढंच.